जनतेने केलेला कायदा

भारतात आपण आमदार निवडून देतो आणि कायदे ते करतात. कॅलिफोर्नियात मात्र 'प्रपोझिशन' या नावाने येणाऱ्या प्रस्तावांवर मत देऊन जनता स्वतःही कायदे करते. येथे नागरिक झालेल्या आपल्या बांधवांस या हक्काचा इतिहास ठाऊक असावा, म्हणून हे चार शब्द.

विसाव्या शतकाच्या आरंभी या राज्याच्या कारभारावर सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीची जबर पकड होती. ती मोडण्याचे वचन देऊन हायरम जॉन्सन १९१० साली गव्हर्नर निवडून आले. १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांनी राज्यघटना दुरुस्त करून कायदा सुचविण्याचा, तसाच विधिमंडळाचा कायदा नामंजूर करण्याचा हक्क आपल्या हाती घेतला. गव्हर्नरच्या मागील निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या जमल्यास कायदा, आणि ८ टक्के जमल्यास घटनादुरुस्ती मतास टाकता येते.

परंतु बलाढ्य कंपनीविरुद्ध घडविलेले हे शस्त्र नऊच वर्षांत दुर्बळांवर चालले. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयांना शेतजमिनीची मालकी १९१३ च्या कायद्याने नाकारलीच होती. तीन वर्षांच्या पट्ट्याने जमीन कसण्याची वाट तेवढी उघडी होती. १९२० साली जनतेच्या मताने तीही बंद झाली. रोख जपान्यांवर होता. पण १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांसही अपात्र ठरविले, आणि पंजाबी शेतकरी त्याच कायद्यात सापडले. आज आपली घरे आहेत त्या क्युपर्टिनोत तेव्हा जर्दाळू व आलुबुखाराच्या बागा होत्या. भारतातून नव्याने आलेल्या माणसास त्यांतील एक एकरही घेता आला नसता.

१९४६ साली भारतीयांस नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. १९५२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा भूमिकायदा घटनाबाह्य ठरविला. तरीही तो कायद्याच्या पुस्तकात राहिला. कारण जनतेने केलेला कायदा विधिमंडळास परस्पर रद्द करता येत नाही. अखेर १९५६ साली मतदारांनीच तो आपल्या मताने पुसून टाकला.

कोकणात काय, मुंबईत काय, आपला समाज नेहमीच मूठभर राहिला. थोड्यांचे हक्क पुष्कळांच्या मतावर अवलंबून असणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. यास्तव कोणत्याही प्रस्तावावर मत देण्यापूर्वी त्याने कोणाचा हक्क हिरावला जातो, हे आपण आधी पाहावे, अशी आमची सर्वांस आग्रहाची विनंती आहे.