तारेवरून आलेले हृदय

परमुलखात नोकरीस असलेल्या माणसाला घरून अवेळी येणाऱ्या फोनचा अर्थ या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. दोन वर्षांपूर्वी आम्ही शिलाँगला असताना साताऱ्याकडील आमच्या गावाहून असाच एक फोन आला. वडिलांच्या छातीत कळ आली होती. गावच्या डॉक्टरांनी हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे आपण सर्रास ज्याला ईसीजी म्हणतो तो, काढून त्याचे छायाचित्र धाकट्या भावाकरवी आमच्याकडे धाडले होते. तेथील एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्यावे, ही सूचनाही त्यांचीच होती. तज्ज्ञांच्या दारात उभे असताना मनात एकच प्रश्न घोळत होता : ज्याने रोग्याला पाहिलेच नाही, त्याने मत द्यावयाचे ते कशाच्या आधारे? पुढे या प्रश्नाचा इतिहास धुंडाळण्याचा आम्हांस नादच लागला, आणि तो आमच्या समजुतीपेक्षा बराच जुना निघाला.

अठराव्या शतकात एडिंबरोच्या विल्यम कलेन यांचा वैद्यकीय व्यवसाय पुष्कळसा टपालावरच चाले. दूरदूरचे रोगी, किंवा त्यांच्यावर उपचार करणारे स्थानिक वैद्य, लक्षणे लिहून पाठवीत आणि कलेन उलट टपाली सल्ला देत. ज्यांचे तोंडही त्यांनी कधी पाहिले नाही, असे कितीतरी रोगी त्यांच्या दप्तरात आहेत. आम्हां कारकुनांस त्यांच्याविषयी विशेष आपुलकी वाटावी, कारण प्रत ठेवल्यावाचून पत्र बाहेर जाऊ द्यावयाचे नाही हा त्यांचा नियम होता. प्रथम लेखनिक नकला करीत. 1781 पासून जेम्स वॅटने शोधलेले प्रती काढण्याचे यंत्र त्यांनी वापरास घेतले. या शिस्तीमुळेच ती हजारो पत्रे आज अभ्यासकांच्या हाती आली आहेत.

परंतु हृदयापुरते बोलावयाचे तर खरी हकीकत लंडनची आहे. चालताना, विशेषतः चढण चढताना, छातीत आवळल्यासारखी कळ यावी आणि थांबताच ती नाहीशी व्हावी, या विकाराचे वर्णन विल्यम हेबर्डन यांनी 21 जुलै 1768 रोजी तेथील वैद्यांच्या महाविद्यालयात वाचले. 1772 मध्ये ते छापून निघाले. त्याचा सारांश एका नियतकालिकात वाचून कोणा अनोळखी गृहस्थाने हेबर्डन यांना पत्र लिहिले. नाव दिले नव्हते. वय पन्नाशीच्या थोडे पुढे. हा विकार आपल्याला आहे, तो असा असा येतो, आपल्याला अकस्मात मृत्यू आल्यास आपले शरीर उघडून पाहावे, असा त्याचा आशय होता. तीन आठवडे लोटण्यापूर्वीच ते गृहस्थ वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे शवविच्छेदन झाले, आणि तेही जॉन हंटर यांच्यासारख्या नामांकित शल्यविशारदाच्या हातून. मृत्यूचे समाधानकारक कारण मात्र सापडले नाही.

का सापडले नाही, याचे उत्तर पुष्कळ वर्षांनी मिळाले. त्या वेळी हंटर यांचा एक तरुण शिष्य तेथे हजर होता : एडवर्ड जेन्नर, पुढे देवीच्या लशीने जगप्रसिद्ध झाले तेच. त्यांनी आपले मित्र केलेब पॅरी यांना कळविले की, हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या त्या दिवशी कोणी तपासल्याच नव्हत्या! पॅरी यांनी ते पत्र 1799 मध्ये आपल्या ग्रंथात छापले. तोवर हंटर स्वतः याच विकाराने, 16 ऑक्टोबर 1793 रोजी रुग्णालयाच्या सभेतील वादावादीनंतर, मृत्यू पावले होते. आणि त्यांच्या त्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. आमच्या मते ही हकीकत फार बोलकी आहे. दुरून लिहिणाऱ्या अनामिकाने जे होते ते नेमके लिहिले. ज्यांच्यापुढे देह उघडा होता, त्यांनी नेमके तेवढेच पाहिले नाही.

पत्राची जागा तारेने घेतली ती हॉलंडातील लाइडन येथे. जावा बेटावरील सेमारांग येथे 1860 मध्ये जन्मलेले विलेम आइंटहोवेन हे तेथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक होते. चांदीचा मुलामा दिलेला, डोळ्यांना जेमतेम दिसावा असा गारेचा तंतू चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून त्यांनी हृदयाचा क्षीण विद्युत्प्रवाह टिपणारे यंत्र सिद्ध केले. तंतू नाजूक खरा, पण यंत्राचे वजन सुमारे 270 किलो! चुंबक थंड ठेवण्यास पाणी खेळवावे लागे आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. असे धूड रोग्याच्या खाटेपाशी नेणार कोण? आणि अंथरुणाला खिळलेल्या हृदयरोग्याला प्रयोगशाळेत आणणे तर त्याहून धोक्याचे. तेव्हा दीड किलोमीटरवरील रुग्णालय टेलिफोनच्या तारेने प्रयोगशाळेला जोडण्यात आले. रोग्याचे हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावयाचे, तेथून तार निघावयाची, आणि प्रयोगशाळेतील काचेवर आलेख उमटावयाचा.

22 मार्च 1905 रोजी असा पहिला आलेख आला, तो मात्र एका धडधाकट माणसाचा होता. त्यातील एक लाट नेहमीहून उंच दिसली. तेव्हा हे गृहस्थ प्रयोगशाळेतून रुग्णालयात सायकल मारीत गेले होते, त्याचा हा परिणाम असावा, असा उलगडा करण्यात आला. हसू येते खरे. पण तारेने नुसती लाट आणली होती, सायकलची गोष्ट कोणीतरी सांगावीच लागली. 1906 च्या प्रबंधात त्यांनी प्रत्यक्ष रोग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत हृदयाचे अनियमित ठोके होते, वरच्या व खालच्या कप्प्यांचा मेळ पार तुटलेले हृदयही होते. 1924 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे 2001 पासून इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडावयास आरंभ केला. अंदमानात बदली झालेल्या आमच्या बांधवांस पोर्ट ब्लेअर आणि मद्रास यांमधील समुद्र किती रुंद आहे हे ठाऊकच आहे. त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको. 25 मार्च 2020 रोजी दूरवैद्यकाचे नियम निघाले. त्यांतील एक कलम आम्ही सरकारी सवयीने दोनदा वाचले : एका डॉक्टराने दुसऱ्याचा सल्ला दुरून घेतला, तरी रोग्याच्या उपचाराची जबाबदारी सल्ला मागणाऱ्याचीच राहते. अभिप्राय एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार आपल्या फायलींतून काही नवा नाही.

शिलाँगच्या तज्ज्ञांनी त्या संध्याकाळी आलेख पाहिला आणि तो बाजूला ठेवून आम्हांलाच विचारावयास सुरुवात केली. घाम आला होता काय? कळ हातात उतरते काय? पूर्वीचा एखादा आलेख आहे काय? आम्हांस यातले काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी गावच्या डॉक्टरांशीच फोन जोडून देण्यास सांगितले. पलीकडून त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आलेख बरा दिसतो साहेब, पण माणूस बरा दिसत नाही." तज्ज्ञ म्हणाले, आलेख थोड्या वेळाने पुन्हा काढा, पण त्यासाठी रोग्याला अडवून ठेवू नका, साताऱ्याला हलवा. गावचे डॉक्टर म्हणाले, "गाडी दारात आहे. तुमची वाट पाहिली नाही, याची माफी असावी."