ट्रकचा मेंदू आणि गोंदियाचा मिस्त्री

१९९९ सालच्या एप्रिलअखेर दोन गोष्टी दोन दिवसांच्या अंतराने घडल्या. २९ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या हवेच्या खटल्यात आदेश दिला, की राजधानी परिसरात नवीन खाजगी गाड्या युरो-१ आणि पुढे युरो-२ मानकांच्याच हव्यात. आणि १ मे रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया हा नवा जिल्हा वेगळा झाला. दोन्हींचा एकमेकांशी तेव्हा काही म्हणजे काही संबंध नव्हता. आज देवरीजवळ महामार्गावर एखादा बीएस-६ ट्रक बंद पडला, की मात्र तो संबंध कळतो.

आजचा विषय ईसीएम. इंजिन कंट्रोल मॉड्यूल. अ‍ॅल्युमिनियमची एक चपटी पेटी, तिला दोन मोठे कनेक्टर, आणि आत एक कंप्युटर. कुठल्या सिलिंडरमध्ये किती डिझेल, नेमकं कधी, हे ती ठरवते. सहा सिलिंडरचं इंजिन २००० आरपीएमवर फिरत असेल तर सेकंदाला १०० वेळा डिझेल फवारलं जातं, आणि त्या प्रत्येक फवाऱ्याचेही दोन-तीन तुकडे करावे लागतात. आपल्यापैकी ज्यांनी 'रिअल टाइम' हा शब्द फक्त बायोडेटात लिहिला आहे, त्यांनी जरा विचार करावा :)

ही पेटी बिघडली तर बदलायची. चार बोल्ट आणि दोन कनेक्टर, अर्ध्या तासाचं काम. मग ट्रक चार-चार दिवस उभा का राहतो? त्यासाठी थोडं मागे जाऊ.

१९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरहून 'टाटा मर्सिडीज-बेंझ' ट्रक बाहेर पडू लागले. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तारा गेला, पण इंजिनाची घडण तीच राहिली. त्या इंजिनाचा मेंदू म्हणजे बॉशच्या घराण्यातला डिझेल पंप. बॉशने असे पंप १९२७ पासून कारखान्यात बनवायला घेतले होते. भारतात ते काम १९५१ मध्ये स्थापन झालेल्या 'मायको'ने केलं, तीच २००८ पासूनची बॉश लिमिटेड. नाशिककरांना सांगायला नको, त्यांचं मायको सर्कल त्याच कारखान्यावरून आहे.

या पंपाची गंमत अशी, की त्यात सॉफ्टवेअर होतं, पण लोखंडाचं. इंजिनाचा वेग वाढला की गव्हर्नरमधली वजनं बाहेर फेकली जातात, ती एक दांडी ओढतात, दांडी डिझेल कमी करते. म्हणजे फीडबॅक लूपच की! आणि त्याचा सोर्स कोड डोळ्यांनी दिसायचा. उघडा, बघा, स्प्रिंग बदला. त्यामुळे ट्रकच्या प्रत्येक गावात 'पंप-नोझल'ची पाटी लागली. पंपवाला पंप बाकावर चढवायचा, काचेच्या नळ्यांमध्ये प्रत्येक सिलिंडरचं डिझेल मोजायचा, स्क्रू जुळवायचा आणि शेवटी शिशाचं सील मारायचा. हे ज्ञान उस्तादाकडून पोऱ्याकडे जात असे. त्याला ना लायसन्स लागायचं, ना लॉगिन.

गोंदियाला याची गरज होतीच. धानाचा जिल्हा, राईस मिलांचं शहर. धान मिलमध्ये आणायचं, तांदूळ बाहेर न्यायचा. शिवाय देवरी-सडक अर्जुनीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो (जुना ६ नंबर, आताचा ५३). देवरी सोडून पुढे बाघनदी ओलांडली की छत्तीसगढ. रस्त्याने नागपूर एका बाजूला, रायपूर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये बरंचसं जंगल. अशा ठिकाणी गाडी जागेवर दुरुस्त होणं ही चैन नव्हे.

पण जुन्या दिवसांचे उमाळे काढायचं कारण नाही. तेच सील तोडून, तोच स्क्रू दोन आटे जास्त फिरवून 'पिकअप' काढून देणारा मिस्त्रीही याच परंपरेतला. दुप्पट माल आणि मागे काळा धूर. तो धूर कुणाच्या तरी फुफ्फुसात जातच होता. दिल्लीत कोर्टाला मध्ये पडावं लागलं ते उगीच नाही.

बाहेरच्या जगात तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. अमेरिकेत डेट्रॉइट डिझेलने १९८५ मध्ये मोठ्या ट्रकच्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आणला. १९८६ मध्ये बॉशने गाडीतल्या पेट्यांनी एकमेकींशी बोलायची पद्धत, म्हणजे कॅन बस, जाहीर केली. १९९५ मध्ये जपानच्या डेन्सोने हिनोच्या ट्रकवर कॉमन रेल आणली. डिझेल एका नळीत प्रचंड दाबाखाली कायम तयार ठेवायचं आणि कधी सोडायचं ते कंप्युटरने सांगायचं. लोखंडी सॉफ्टवेअर इथे संपलं.

आपल्याकडे सप्टेंबर २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालावरून २००३ चं वाहन-इंधन धोरण आलं, आणि मोठ्या शहरांना आधी व बाकी देशाला नंतर असा टप्प्याटप्प्याचा रस्ता ठरला. २०१० मध्ये बीएस-४ लागू झालेल्या तेरा शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली तीन: मुंबई, पुणे, सोलापूर. बाकी देश बीएस-३ वर. ट्रक सगळीकडून डिझेल भरणार, म्हणून तोही व्यवहारात बीएस-३ वरच राहिला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनमध्ये दोन व्हर्जन शेजारी-शेजारी चालू होती.

मग १ एप्रिल २०१७ आला. बीएस-४ सगळ्या देशाला. कंपन्यांना वाटत होतं की जुना माल हळूहळू खपवता येईल. २९ मार्चला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही, १ तारखेपासून बीएस-३ ची विक्रीच बंद. तेव्हा सुमारे ८ लाख २४ हजार गाड्या पडून होत्या, त्यांत ९६ हजारांच्या वर व्यापारी वाहनं. तीन वर्षांत, १ एप्रिल २०२० ला, बीएस-५ ची पायरी गाळून थेट बीएस-६. डिझेलमधलं गंधक बीएस-३ च्या ३५० पीपीएमवरून १० वर आलं. ट्रकला काजळीची गाळणी लागली, धुरावर फवारायला युरियाच्या पाण्याची टाकी लागली (शेतातला युरिया त्यात घोळून चालत नाही, सिस्टम बसते), आणि या सगळ्यावर लक्ष ठेवायला ईसीएम. युरियाचं पाणी संपलं की तीच पेटी इंजिनाची ताकद कापते.

म्हणजे तीस-चाळीस वर्षांत मुरलेली विद्या तीन वर्षांत जुनी झाली. आपल्या क्षेत्रात असं झालं की आपण कोर्स करतो. पंपवाल्याने कुठला कोर्स करायचा?

आता त्या चार दिवसांकडे येऊ. नवीन पेटी येते ती कोरी. तिला आधी सांगावं लागतं की तू कोण: चॅसिस नंबर, इंजिनाचं मॉडेल, त्याची कॅलिब्रेशन फाइल. प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो, कारण दोन इंजेक्टर कधीच हुबेहूब सारखं डिझेल सोडत नाहीत. ते सगळे कोड भरायचे. गाळणीत किती काजळी साठली आहे हा हिशेब जुन्या पेटीत असतो. तो नव्या पेटीत नेला नाही तर तिला गाळणी रिकामीच वाटते. जुनी पेटी वाचता आली तर ठीक, ती पूर्ण मेली असेल तर माहिती कंपनीच्या सर्व्हरवरून घ्यायची. त्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर, लॉगिन, आणि ते असलेला माणूस. तो नागपूर किंवा रायपूरहून यायचा. तोवर सीझन चालू, धान पडलेलं, आणि ट्रकचा हप्ता थांबत नाही.

त्यात वाईट भाग असा, की बऱ्याचदा पेटी बिघडलेलीच नसते. कनेक्टरमध्ये पाणी, गंजलेली अर्थ, बसलेली बॅटरी, किंवा उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग. मिलच्या आवारात महिनाभर उभ्या ट्रकला उंदीर काय नवीन! आणि खरोखर पेटी मारायची हमखास युक्ती म्हणजे बॅटरीची वायर न काढता बॉडीवर वेल्डिंग करणं. पेटी मागवण्याआधी मल्टिमीटर घेऊन व्होल्टेज आणि अर्थ तपासणारा वायरिंगवाला म्हणूनच लाख मोलाचा, आणि तो गावातच असतो.

मग लॉगिन सगळ्यांना का नाही? कंपन्या म्हणतात, फाइल उघडी केली तर लोक गाळणी बंद करतील, धूर परत येईल. यात तथ्य आहे, गाळणी बंद करून देणारे आहेतच. पण फोक्सवॅगनने जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसवलेलं आणि २०१५ मध्ये उघडकीला आलेलं फसवं सॉफ्टवेअर कुठल्या रस्त्याकडेच्या मिस्त्रीने लिहिलं नव्हतं. कुलूप आतून लावलेलं असेल तर चोर आत आहे की बाहेर, हे कुलूप सांगत नाही.

आपल्या स्पर्धा आयोगाने हा प्रश्न कारच्या बाबतीत एकदा ऐरणीवर घेतला. जानेवारी २०११ मधल्या तक्रारीवरून २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कारकंपन्यांना मिळून २५४४.६५ कोटींचा दंड झाला, टाटा मोटर्स आणि महिंद्रा धरून. सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत, असं आयोगाने सांगितलं. दंडाचं प्रकरण अपिलात आणि कोर्टांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टु रिपेअर' पोर्टल काढलं, त्यातही वाहनं आहेत. पोर्टलवर पत्ते आणि माहिती मिळते. लॉगिन वेगळी गोष्ट.

पंपवाले मात्र बसून राहिलेले नाहीत. ज्यांना कर्ज काढणं जमलं त्यांनी कॉमन रेलचा टेस्ट बेंच घेतला. दुरुस्त केलेला इंजेक्टर त्यावर चढवतात, वेगवेगळ्या दाबांना डिझेल मोजतात, अगदी काचेच्या नळ्यांच्या काळात मोजायचे तसंच, आणि मशीन त्या इंजेक्टरचा नवा कोड काढून देतं. तो चिठ्ठीवर लिहून ते ड्रायव्हरच्या हातात ठेवतात. पेटीत भरायला कुणीतरी लॅपटॉप घेऊन यावं लागतं.