पट आणि निकाल

जबलपुरातील मराठी शाळेचा निकाल वाचताना शेजारी विद्यार्थ्यांचा पट ठेवावा लागतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आलेल्या या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आली. जुन्या मध्य प्रदेशात हिंदीसमवेत मराठीलाही राजभाषेचा मान होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला. नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपुरास आले. मराठीचा तो मान मात्र राहिला नाही. त्याच वर्षी राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या अनुच्छेद 350-क ने मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगितली, ती प्राथमिक स्तरापुरती. पुढील शिक्षण आणि नोकरी हिंदी-इंग्रजीत. साहजिकच पालकांची पावले त्या माध्यमांकडे वळली.

पट लहान झाला की टक्केवारी फसवी ठरते. 40 विद्यार्थ्यांत एक अनुत्तीर्ण झाला तर निकाल अडीच टक्क्यांनी घटतो. 10 विद्यार्थ्यांत तोच 10 टक्क्यांनी. म्हणून घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणारे मूल दोन्ही भाषांत समर्थ झाले का, हेही पाहिले पाहिजे. येथे मुळाक्षरे गिरवलेल्यांची नातवंडे पटावर आली, तरच पुढील निकालांना अर्थ राहील.