दंडावरचा वण आणि रक्तातली नोंद

बेळगावास टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपो या नावाने ओळखले जाणारे विस्तीर्ण, दाट झाडीचे आवार आहे. सकाळी तेथे फिरावयास येणाऱ्यांपैकी कितीजणांस त्या नावामागचा इतिहास ठाऊक असेल, याची शंकाच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात तत्कालीन मुंबई इलाख्यासाठी देवीची लस येथे तयार होऊ लागली. वासरांच्या कातडीवर तयार केलेली ती लस गावोगाव जाई, आणि देवी काढणारा दारात आला की मुले माजघरात लपत. ज्या रोगास आपल्या पूर्वजांनी देवीचेच नाव दिले, शीतलेच्या देवळी ज्यासाठी नवस बोलले, त्या रोगाची पहिली टोचणी मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस झाली. मे १९७५ मध्ये आपल्या देशातला अखेरचा रुग्ण आढळला, आणि १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. माझ्या वडिलांच्या दंडावर त्या लसीचा खोलगट वण आहे; माझ्या दंडावर तो नाही.

त्या आवारातल्या सर्व खटाटोपाची मदार एका गोष्टीवर होती. शरीर एकदा पाहिलेला शत्रू विसरत नाही, आणि देवीचा विषाणू आपले रूप सहसा पालटीत नाही. शरीरास त्याच्या सौम्य भावंडाची ओळख करून दिली की काम झाले. हेच सर्व रोगांच्या बाबतीत साधेल, अशी एकेकाळी पुष्कळांची श्रद्धा होती. तिला तडा देणारे उदाहरण शोधावयाचे तर ते काविळीच्या घराण्यात सापडते.

आपण कावीळ म्हणतो, शेजारी कन्नडात कामाले म्हणतात, चरकाने कामला म्हटले; पण हे एका रोगाचे नाव नव्हे, अनेकांनी दिलेली एकच खूण आहे. १९६५ मध्ये ब्लुम्बर्ग यांस ज्याची खूण रक्तात सापडली तो ‘बी’, १९७३ मध्ये दिसला तो ‘ए’. एवढ्याने भागेल असे वाटत असता अमेरिकेत हार्वे आल्टर यांनी दाखवून दिले की, रक्त चढविल्यानंतर होणारी बरीचशी कावीळ या दोहोंपैकी कोणाचीच नाही. तिला ‘ना ए, ना बी’ असे विचित्र नाव मिळाले. ते नाव आपल्या दारापर्यंत आले होते. १९८१ साली निपाणीपासून जवळच कोल्हापूर शहरात काविळीची मोठी साथ आली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांस तीही ‘ना ए, ना बी’ अशीच आढळली. ती मात्र पाण्यातून पसरलेली होती, आणि पाण्यातला तो आरोपी पुढे ‘ई’ ठरला. रक्तातला आरोपी १९८९ मध्ये मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी शोधला, तोच ‘सी’. हॉटन, आल्टर व चार्ल्स राइस यांस २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०१३ साली एक मोठे पारितोषिक चू व कुओ यांस वगळले म्हणून हॉटन यांनी नाकारले होते, हेही येथे नोंदविणे उचित होईल.

या ‘सी’ विषाणूची लस आजतागायत निघालेली नाही. कारण कळावयास शरीराच्या आतील झुंज पाहिली पाहिजे. विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाच्या द्रव्याने शेजाऱ्यांस सावध करू पाहते. हा धूर्त पाहुणा ती हाक पोहोचविणारा धागाच कातरतो. मग खास लढवय्या टी-पेशी यावयाच्या, त्यांस यकृतात पोहोचावयास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर दिवसाकाठी सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होत असतात. त्यांची नक्कल करणारी यंत्रणा आपले लिखाण पुन्हा वाचून पाहत नाही, म्हणून प्रत्येक पिढीत चुका होतात. आम्हा वकिलांस फेरफार हा शब्द जमिनीच्या दप्तरात भेटतो. येथे तो अक्षरशः रोजचा व्यवहार आहे. प्रतिपिंडे कालच्या चेहऱ्यावर नेमली जातात, तोवर आजचा चेहरा निराळा असतो.

तरीही शंभरांपैकी सुमारे तिसांच्या शरीरात सहा महिन्यांच्या आत विषाणू निपटला जातो. ज्यांच्या टी-पेशी लवकर, जोमाने आणि विषाणूच्या अनेक अंगांवर एकदम तुटून पडतात, ते हे भाग्यवान. उरलेल्यांत तो ठाण मांडतो आणि टी-पेशी हळूहळू थकून निष्प्रभ होतात, पण लढणे सर्वस्वी सोडीत नाहीत. सर्वांत कटू गोष्ट अशी की, यकृताची नासाडी मुख्यतः विषाणू करीत नाही. बाधित पेशींवर वर्षानुवर्षे चाललेला स्वकीयांचा हल्लाच ती करतो. जखमेवर जखम, वणावर वण पडत जातो. जुनाट बाधा झालेल्यांपैकी शंभरात पंधरा ते तिसांस वीस वर्षांच्या आत यकृतकाठिण्य जडण्याचा धोका असतो, आणि तोवर अनेकांस कसली जाणीवही नसते.

माझे एक पक्षकार निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. देवळाच्या उत्सवात भरलेल्या रक्तदान शिबिरात त्यांनी रक्त दिले आणि आठवड्याभरात निरोप आला की ‘सी’ची तपासणी पॉझिटिव्ह. घरात कल्लोळ उडाला. वहिनींनी त्यांचे ताट-वाटी वेगळी केली, आणि मुलीच्या ठरत आलेल्या सोयरिकीबद्दल विचारावयास ते माझ्याकडे आले. “वकीलसाहेब, हे लपविले तर फसवणूक होईल का हो?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी त्यांना आधी दुसरी तपासणी करावयास धाडले. कारण पहिली तपासणी विषाणूची नव्हे, प्रतिपिंडांची असते. प्रतिपिंड म्हणजे जुन्या खटल्याची दप्तरातली नोंद. आरोपी आज घरात आहे की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी विषाणूचा आरएनए शोधावा लागतो. तो त्यांच्या रक्तात सापडला नाही. तरुणपणी, १९८६ साली, अपघातानंतर त्यांना दोन बाटल्या रक्त चढविले होते. त्यातूनच विषाणू आला असावा, आणि त्यांच्या शरीराने तो कोणास न कळविता निकाली काढला होता. राहिला प्रश्न ताट-वाटीचा. हा रोग एका ताटात जेवल्याने वा हात लावल्याने पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून जातो.

१९८६ साली ते रक्त तपासणे शक्यच नव्हते. आरोपीस नावच नव्हते. पण १९८९ नंतरच्या विलंबाचा जाब विचारता येतो. पैशासाठी रक्त विकणाऱ्यांवर आपल्या अनेक रक्तपेढ्या चालत असत. ‘कॉमन कॉज विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्तपेढ्यांस परवाना आणि धंदेवाईक रक्तदात्यांची प्रथा बंद करणे यांविषयी आदेश दिले. १ जानेवारी १९९८ पासून ती प्रथा बंद झाली. प्रत्येक बाटलीची ‘सी’साठी तपासणी मात्र २००१ साली सक्तीची झाली. विषाणू ओळखला गेल्यापासून ही बारा वर्षे. जेथे लसीचा इलाज नाही तेथे पहाऱ्याचे काम कायद्याचे होते, आणि माझ्या मते कायदा येथे उशिरा जागा झाला. म्हणून २००१ पूर्वी ज्यांस रक्त चढविले गेले, किंवा एकच सुई अनेकांस वापरणाऱ्या दवाखान्यात ज्यांनी इंजेक्शने घेतली, त्यांनी एकवार तपासणी करून घ्यावी.

आता भिण्याचे कारण उरलेले नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या सोफोसबुव्हिर या औषधाची बारा आठवड्यांची किंमत तेथे ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांस ते करण्याचा परवाना मिळाल्यावर येथे किंमत पुष्कळच खाली आली, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य मिळतात. अशा गोळ्यांनी शंभरांत पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात. मात्र बरे झालेल्यास पुन्हा बाधा होऊ शकते.

त्या हिशेबनिसांच्या मुलीचे लग्न ठरल्या मुहूर्तावर पार पडले. दोन्ही तपासण्यांचे कागद त्यांनी व्याह्यांसमोर स्वतःच ठेवले. रक्तदान मात्र त्यांना आता कधीच करता येणार नाही, कारण प्रतिपिंडांची नोंद पुसली जात नाही आणि रक्तपेढी त्यावरच थांबते. दरवर्षी उत्सवात शिबिर भरते तेव्हा ते दाराशी टेबल मांडून बसतात आणि येणाऱ्यांची नावे वहीत लिहून घेतात.