कळंब (इंदापूर)

कळंब हे महाराष्ट्र राज्याच्या पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यामधील एक गाव आहे. बारामती आणि इंदापूर या दोन शहरांच्या दरम्यान, मुख्य रस्त्याच्या दक्षिणेस, नीरा नदीच्या खोऱ्यात ते वसले आहे. वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत याच परिसरात उभी राहिली. दोन्ही वस्त्या एकमेकींना इतक्या लागून आहेत की पत्त्यांत आणि संस्थांच्या नावांत ‘कळंब-वालचंदनगर’ असा जोडउल्लेख सर्रास आढळतो. कळंब नावाची गावे राज्यात अनेक आहेत. धाराशिव व यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब ही तालुक्याची ठिकाणे असून पुणे जिल्ह्यातच आंबेगाव तालुक्यातही एक कळंब आहे. मराठीत कदंब वृक्षाला कळंब म्हणतात आणि या ग्रामनामांचा संबंध सामान्यतः त्याच वृक्षाशी जोडला जातो.

भूगोल आणि पाणी

इंदापूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वार्षिक पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास असून तोही बेभरवशाचा आहे. नीरा नदी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहते आणि नीरा-नरसिंहपूर येथे भीमेला मिळते. नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्याचा माळशिरस तालुका लागतो. कालवा येण्यापूर्वी नदीकाठची काळी जमीन सोडली तर बहुतेक शिवार ज्वारी-बाजरीचे, कोरडवाहू होते.

१८७६–७८ च्या दुष्काळानंतर सरकारने नीरा डावा कालवा बांधला आणि त्यासाठी भोरजवळ भाटघर येथे धरण घातले. पुढे त्याच ठिकाणी अधिक मोठे धरण झाले. वीर येथून निघणारा हा कालवा पुरंदर आणि बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात येतो. दुष्काळात धान्य पिकवण्यासाठी आणलेल्या या पाण्यावर प्रत्यक्षात उसाने हक्क सांगितला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर पाणीवाटपाची ‘ब्लॉक पद्धत’ आणली. तिच्यात शेतकऱ्याला ठरावीक क्षेत्रासाठी अनेक वर्षांच्या पाण्याची हमी मिळे, मात्र त्यातील केवळ काही भागातच ऊस घेता येई.

पाण्याने संपन्नता आणली, तसे एक जुने दुखणेही वाढवले. निचरा नसलेल्या भारी जमिनीत सतत पाणी मुरल्याने क्षार वर आले आणि शेते खारपड व चोपण होऊ लागली. कृषितज्ज्ञ हॅरॉल्ड मान यांनी नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास १९१० च्या सुमारासच केला होता. कालव्याच्या शेपटाकडील गावांत उलट तक्रार असते. तेथे आवर्तनाचे पाणी उशिरा आणि कमी पोहोचते.

जमिनीची मालकी

कळंबचा इतिहास समजण्यासाठी राजवंशांच्या यादीपेक्षा सातबारा अधिक उपयोगी पडतो. मुंबई इलाख्यातील रयतवारी मोजणीची सुरुवातच इंदापूर तालुक्याशी जोडलेली आहे. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली आकारणी १८३० मध्ये येथे लागू झाली. ती इतकी जड होती की पुष्कळ कुळे गाव सोडून गेली आणि जमिनी पड पडल्या. त्यानंतर १८३५–३६ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट व नॅश यांनी नव्याने मोजणी केली. शेतांना क्रमांक मिळाले, हद्दीवर दगड आले आणि सारा ३० वर्षांसाठी ठरला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र पसरली. ‘सर्व्हे नंबर’ हा शब्द ग्रामीण मराठीत रुळला तो या मोजणीपद्धतीमुळेच.

दुसरे मोठे स्थित्यंतर साखर उद्योगाने घडवले. सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या कंपनीने कळंब परिसरात विस्तृत ऊसमळे उभारले. १९३२ मध्ये देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर अशा उद्योगांना जोर आला आणि त्याच दशकात येथे साखर कारखाना सुरू झाला. वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले.

कारखान्याच्या मळ्यांतील बरीच जमीन विकत घेतलेली नव्हती, ती शेतकऱ्यांकडून दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतलेली होती. लहान कोरडवाहू खातेदाराला ऊस झेपत नसे. बेणे, पेंडीचे खत, पाणीपट्टी एवढा खर्च करून आडसाली पिकासाठी दीड वर्ष थांबावे लागे. त्यापेक्षा ठरलेला खंड सोयीचा वाटे. अशा मूळ मालकांना आणि त्यांच्या वारसांना ‘खंडकरी शेतकरी’ म्हटले जाते. शब्दावरून खंडाने जमीन कसणारा असा समज होतो, पण येथे खंडकरी म्हणजे जमीन देणारा.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला मालकी मिळण्याची वाट मोकळी केली. उसासाठी कारखान्यांना दिलेल्या जमिनी मात्र त्या तरतुदींतून वगळल्या गेल्या, त्यामुळे कारखाने मालक झाले नाहीत. त्यानंतर १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला. कारखान्याच्या ताब्यातील खंडाची जमीनही कारखान्याचीच धारणा म्हणून मोजली गेली आणि अतिरिक्त ठरून सरकारजमा झाली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे हे मळे आले, त्यांत वालचंदनगर आणि रत्नपुरी या मळ्यांचाही समावेश होता. मोठ्या जमीनदाराला आवरण्यासाठी केलेल्या कायद्याचा फटका असा चार-पाच एकरांच्या मालकालाही बसला. ज्याची जमीन मर्यादेच्या पुष्कळ खाली होती, त्याच्याही सातबारावर महामंडळाचे नाव लागले.

जमीन परत मिळावी म्हणून खंडकऱ्यांनी पुणे, सोलापूर, अहमदनगर (आता अहिल्यानगर), नाशिक आदी जिल्ह्यांत अनेक दशके आंदोलने केली आणि न्यायालयीन लढे दिले. कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ पासून प्रत्यक्ष वाटप सुरू झाले. तोवर मूळ खंडपत्र करणारी पिढी बहुतांशी निवर्तली होती आणि एका नावाच्या जागी वारसांची लांब यादी उभी होती. मिळालेली जमीन ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून मिळाल्याने तिची विक्री परवानगीविना करता येत नव्हती. ती ‘वर्ग १’ व्हावी, ही खंडकऱ्यांची पुढची मागणी ठरली.

दुसरा प्रश्न शेती महामंडळाच्या मळ्यांवर राबलेल्या कामगारांचा आहे. त्यांतील अनेक कुटुंबे भूमिहीन होती व मळ्यांवरील चाळींत राहत होती. खंडकऱ्याला जमीन परत देताना पिढ्यानपिढ्या ती कसणाऱ्या मजुराला काय द्यायचे, याचे उत्तर खंडकऱ्यांसाठी केलेल्या कायद्यात सापडत नाही.

लोकजीवन

शेती हा गावाचा मुख्य व्यवसाय आहे. उसाखालोखाल गहू, मका, ज्वारी आणि चारापिके घेतली जातात. तालुक्यात अलीकडे डाळिंब आणि द्राक्षांच्या बागाही वाढल्या आहेत. उसाचा तोडा गेल्यावर त्याच मुळांवर खोडवा राखला जातो. जोडधंदा म्हणून दुभती जनावरे बहुतेक घरी असतात.

दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि परिसराची वस्ती वाढते. बीड, अहिल्यानगर अशा दुष्काळी भागांतून ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत शिवारातल्या कोपींत राहतात. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजण्याची रीत आहे. मजुरी ठरते ती या मोजणीने, आणि त्यात बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेब राहत नाही.

कळंबमधील अनेक कुटुंबांत एक जण शेतात तर दुसरा कारखान्याच्या पाळीवर असे चित्र राहिले आहे. वालचंदनगरची आजची ओळख साखरेपेक्षा अवजड यंत्रनिर्मितीची आहे. साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रे, तसेच भारताच्या अंतराळ कार्यक्रमातील प्रक्षेपकांसाठी मोटारींची आवरणे येथे तयार झाली. उच्च शिक्षणासाठी कळंब येथे विश्वासराव रणसिंग महाविद्यालय आहे.

दळणवळण

गावाला रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक बारामती असून तेथून दौंडला फाटा जातो. गावाचा सारा प्रवास रस्त्यानेच होतो. पाटस-बारामती-इंदापूर हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी असून संत तुकाराम महाराज पालखी मार्ग म्हणून त्याचे रुंदीकरण हाती घेण्यात आले. वालचंदनगर व कळंबकडे येणारा रस्ता या मार्गावरील जंक्शन या गावातून फुटतो. गावाचे हे इंग्रजी नाव आता कोणाला परके वाटत नाही.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी या मार्गाने नीरा ओलांडून अकलूजला जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, तर बेलवाडीला गोल रिंगण. कळंब या मार्गापासून काही किलोमीटर आत असल्याने पालखी गावात येत नाही. गावकरी दर्शनासाठी मुख्य रस्त्यावर जातात.

एरवी या रस्त्यांवर हंगामात उसाने भरलेल्या टायरगाड्या आणि दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. वालचंदनगरहून एखादे अवजड यंत्र रवाना होते तेव्हा कित्येक चाकांचा ट्रेलर पायी चालण्याच्या गतीने पुढे सरकतो आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग लागते.