रबरी पोशाखाची निगा

इ. स. १९५१ च्या सुमारास, अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांना थंड समुद्रात अधिक काळ तग धरता यावा या हेतूने, बर्कलीचे पदार्थविज्ञानवेत्ते ह्यू ब्रॅडनर यांनी निओप्रीनच्या सच्छिद्र रबराचा पोशाख सुचविला, तेव्हा त्यांच्या युक्तीचे मर्म हे होते की अंग कोरडे राखण्याची गरजच नाही. उष्णता राखतात ते त्या रबरात कोंडलेले वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे. पुढे जॅक ओनील आणि मेस्ट्रेल बंधू यांनी कॅलिफोर्नियात त्याचा व्यापार वाढविला. श्रेयाचा वादही झाला, पण त्यात शिरण्याचे आपणांस प्रयोजन नाही.

आरंभीच्या पोशाखांना कापडाचे अस्तर नसे. उघडे रबर त्वचेला असे चिकटे की, ते अंगावर चढविण्यापूर्वी शंखजिऱ्याची पूड भुरभुरावी लागे, आणि नखाचा ओरखडाही ते फाटण्यास पुरेसा होई. नायलॉनच्या अस्तराने ही यातायात पुष्कळशी संपविली, परंतु दोन बुड्यांमधल्या बंदोबस्ताची कलमे कायमच राहिली: गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढावे, पोशाख उलटा करून सावलीत वाळवावा आणि रुंद खांद्याच्या हँगरवर टांगावा किंवा सपाट पसरून ठेवावा, कारण दीर्घकाळ घडी राहिली की त्या रेषेवरचे बुडबुडे दबतात आणि तेथली ऊब कमी होते. धुतलेले सर्व काही कडक उन्हात टाकण्याचा आपला गृहस्थी रिवाज येथे मात्र घातक होय, कारण सूर्यकिरण व ओझोन रबराला ठिसूळ करतात.