तेल उचलतं, लोखंड धरतं



स्वयंपाकघर आणि स्वाध्याय सोडून आज ही बाई गॅरेजात काय करते, असं तुम्हाला वाटेल. पण गाडीखाली शिरणारा माणूस आपल्याच घरचा असतो. म्हणून त्या लोखंडी यंत्राचा इतिहास आपल्यालाही माहीत असावा.

आमच्या कामठ्याच्या घरामागे धान साठवायचं जुनं गोदाम आहे. तिथे आता गाड्या उभ्या राहतात. धाकट्याला गाड्यांची कामं स्वतः करायचा नाद आहे. गेल्या वर्षी तो म्हणाला, "आई, गाडीखालून काम करायला खड्डा खणू या." मी नाही म्हटलं. हा धानाचा मुलूख. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि खड्ड्यात बेडूक, विंचू, किडेमुंग्या पडून मरतात. रोज ती जयणा कोण पाळणार? शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचून राहते आणि एका ठिणगीने भडकते. मग तो म्हणाला, "तर लिफ्ट बसवू." त्यावर हे लगेच बोलले, "जॅक आहे की घरात!"

जॅकचं नाव निघालं आणि मला १९८६ सालची दुपार आठवली. आमच्या फियाटचं चाक काढून हे खाली शिरले होते. गाडी हायड्रॉलिक जॅकवर होती. काढलेलं चाक सासऱ्यांनी सहज गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं होतं. जॅकमधलं तेल झिरपत होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. गाडी बसली ती त्या चाकावर. यांचा खांदा खरचटला, एवढ्यावर निभावलं. सासरे नंतर म्हणाले, "बैलगाडीला वंगण घालताना आम्ही आधी टेकू लावायचो. खांदा उचलतो, टेकू धरतो." हे वाक्य मी विसरले नाही.

सासऱ्यांनी जुना कामठा पाहिला होता. ही जुन्या भंडारा जिल्ह्यातली मोठी जमीनदारी होती. १९५१ साली, आपण मध्य प्रदेशात असताना, जमीनदाऱ्या कायद्याने संपल्या. तेव्हा गावात ये-जा होती ती बैलगाडीची. गाडीची एक बाजू खांद्याने उचलायची, खाली लाकडाचा टेकू द्यायचा, मग चाक सरकवून आसाला वंगण घालायचं. खांदा कधी तरी थकणार हे धरूनच टेकू लावलेला असे.

मोटारी आल्या आणि खांद्याची जागा तेलाने घेतली. त्यामागचा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलचा. त्याचा द्रवांवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा तो नियम. एक चौरस सेंटिमीटरच्या दट्ट्यावर दहा किलोचा भार दिला, तर शंभर चौरस सेंटिमीटरचा दट्ट्या हजार किलो उचलतो. मी कॉमर्सची, मला लगेच शंका आली की हा नफा आला कुठून? तर फुकट काहीच मिळत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर जायला लहान दट्ट्याला शंभर सेंटिमीटर चालावं लागतं. जमाखर्च बरोबर जुळतो.

या नियमावर इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली दाबयंत्राचं पेटंट घेतलं. अडचण होती ती दट्ट्याच्या कडेने गळणाऱ्या पाण्याची. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेने वाटीच्या आकाराचं चामडं बसवून ती सोडवली, असं मानतात. दाब वाढला की वाटीची कड आणखी घट्ट बसते. आज चामड्याच्या जागी रबरासारखं सील असतं. पण ते झिजतं. १९८६ साली आमचा जॅक बसला तो याच कारणाने.

नुसत्या उचलण्यावर भरवसा ठेवू नये, हे जगाला दाखवलं एलिशा ओटिसने. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो उंच पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने वरचा दोर कापायला लावला. पाळणा थोडासा खाली आला आणि थांबला, कारण दोर सुटताच खटके बाजूच्या दात्यांत जाऊन अडकले. आपण ज्या लिफ्टने बिल्डिंगमध्ये वर जातो, तिच्यावरचा लोकांचा विश्वास त्या खटक्यांपासून सुरू झाला.

गाडीची लिफ्ट आली त्यानंतर सत्तर वर्षांनी. अमेरिकेत मेम्फिस शहरात पीटर लुनाटी नावाचा मेकॅनिक होता. न्हाव्याची खुर्ची वर-खाली होताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात. १९२५ साली त्याला पेटंट मिळालं. जमिनीत पुरलेला एकच खांब, हवेच्या दाबाने ढकललेल्या तेलावर वर यायचा आणि गाडीसकट गोल फिरायचा. आपल्याकडेही जुन्या सर्व्हिस स्टेशनांवर असा चकचकीत खांब तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

आपल्या देशात गाड्या बनवण्यात आपल्या समाजाचाही हात आहे. सोलापूरच्या जैन घरातले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. १९४७ साली तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. आमची फियाट त्याच कारखान्याची. घरोघरी गाड्या आल्या, डिकीत जॅक आला, पण टेकू मात्र मागे राहिला. आजही कितीतरी ठिकाणी टेकू म्हणून विटा लावतात. वीट भाराखाली एकदम फुटते, आधी कळत नाही.

आता आमच्या निवडीविषयी. चार खांबांच्या लिफ्टवर गाडी चाकांवरच उभी राहते. एकावर एक दोन गाड्या ठेवायला ती सोयीची, पण चाक काढायचं तर वर आणखी जॅक लागतो. कैचीसारखी लिफ्ट कमी उंचीच्या जागेत बसते, पण गाडीखालची मधली जागा अडवते. दोन खांबांची लिफ्ट गाडीला चार हातांनी बगलेत धरते, चाकं मोकळी राहतात. गोदामाचं छप्पर उंच होतं, म्हणून आम्ही दोन खांबांची, चार टनांची घेतली. आमची सगळ्यात जड गाडी दोन टनांच्या आत आहे.

कोटेशन मी मांडी घालून वाचली. किमतीच्या आधी मी एकच प्रश्न विचारत होते: तेल गेलं तर गाडी कशावर राहील? एका विक्रेत्याने पंपाचीच स्तुती केली, त्याचा कागद मी बाजूला ठेवला. चांगल्या लिफ्टच्या दोन्ही खांबांत दात्यांची पट्टी असते. गाडी वर जाताना खटके खटखट वाजतात. हवी ती उंची आली की गाडी किंचित खाली सोडून खटक्यांवर बसवायची. मग भार तेलावर राहत नाही, लोखंडावर जातो. इथे मला सासऱ्यांचा टेकू दिसला.

गोदामात मुरमावर नुसती फरशी होती. तिच्यात बोल्ट ठोकले असते तर भाराने उपटून आले असते. म्हणून चातुर्मासाच्या बरीच आधी, जमीन कोरडी असताना, खोदून सळ्यांचं काँक्रीट घातलं. फिटर दहाव्या दिवशीच यायला तयार होता आणि धाकट्यालाही घाई होती. काँक्रीटला पूर्ण ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. मी कॅलेंडरवर खूण केली आणि तोवर फिटरला येऊ दिलं नाही. घरात दोन दिवस अबोला झाला, तो मी सोसला.

पहिल्यांदा गाडी चढवली तेव्हा हे शेजारी उभे होते. कंपनीने सांगितलेल्या जागीच चारही हात टेकवले. गाडी वीतभर उचलून हलवून पाहिली, मगच वर नेली. खटके वाजले. धाकटा खाली शिरणार, तोच यांनी त्याचा दंड धरला. "आधी खटक्यावर बसव." चाळीस वर्षांपूर्वी खरचटलेल्या खांद्याकडे त्यांचा हात गेला, तो फक्त मला दिसला.

मैत्रिणींनो, लिफ्ट प्रत्येकीच्या घरी येणार नाही, तिची गरजही नाही. पण जॅक बहुतेकींच्या घरी आहे. घरातलं कुणी गाडीखाली शिरताना दिसलं तर एवढंच विचारा, "टेकू लावला का?" विटा नकोत. दाते असलेले लोखंडी स्टँड मिळतात, ते दोन आणून ठेवा. आणि चाक काढलं असेल तर ते गाडीखाली आडवं सरकवायला सांगा. सासऱ्यांनी त्या दुपारी तेवढंच केलं होतं.

जय जिनेंद्र.